बसल्या बसल्या होणारे नुकसान

कार्यालयातील खुर्ची, प्रवासातील आसन आणि घरातील सोफा यांवर दिवस सरणाऱ्या कर्त्या पिढीच्या हृदयाचा आणि चयापचयाचा विचार : घरातील ज्येष्ठांसाठी आणि शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

'बैठी नोकरी' हा मागच्या पिढ्यांच्या लेखी भाग्याचा शब्द होता. ऊनपावसात राबणाऱ्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवले, ते त्यांना सावलीत, पंख्याखाली, खुर्चीवर बसून करायचे काम मिळावे म्हणूनच. ती इच्छा आज असंख्य घरांत पूर्ण झाली आहे. मात्र त्याच घरांतील साठी-सत्तरीच्या मंडळींना आता एक निराळे दृश्य पाहावे लागते. चाळिशीच्या आसपासच्या मुलाला रक्तदाबाची गोळी सुरू झालेली असते. सुनेच्या तपासणीच्या अहवालात साखर 'सीमारेषेवर' असल्याची नोंद असते. वडिलांच्या औषधांच्या डब्याशेजारी मुलाच्या औषधांचाही डबा येऊन बसतो.

ही चिंता केवळ वात्सल्यापोटी नसते. घरातील वृद्धांची औषधे, रुग्णालयाच्या खेपा, रात्रीअपरात्रीची धावपळ हे सारे ज्या खांद्यांवर असते, ते खांदेच खचले तर संपूर्ण घर डळमळते. म्हणून कमावत्या पिढीचे बसणे हा ज्येष्ठांच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. या संदर्भात वैद्यकशास्त्राला काय ठाऊक आहे आणि घरातल्या घरात त्यावर काय करता येते, ते पाहू.

लंडनच्या बसमधील दोन माणसे

एकाच जागी बसून काम करणाऱ्यांची प्रकृती बिघडते, हे निरीक्षण जुने आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी आणि चांभार यांच्या बैठ्या कामाची स्वतंत्र दखल घेऊन, निदान सुटीच्या दिवशी तरी या लोकांनी व्यायाम करावा, असा सल्ला त्यांनी दिला होता. परंतु बसण्याचा आणि हृदयविकाराचा संबंध आकड्यांनिशी पुढे आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, लंडनमध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण झपाट्याने वाढत होते आणि कारण उमगत नव्हते. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसचा चालक आणि वाहक एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर काम करीत. फरक होता तो शरीराच्या हालचालीचा. चालक पाळीचा सुमारे ९० टक्के वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. मुंबईत 'बेस्ट'च्या दुमजली बसने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर वरखाली करणारा तो वाहक सहज उभा राहील.

१९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी होते. ज्या वाहकांना तो झाला, त्यांच्यात त्याचे स्वरूप तुलनेने सौम्य होते आणि आजाराच्या सुरुवातीलाच मृत्यू ओढवण्याचे प्रमाणही कमी होते. पायी आणि सायकलवर पत्रे वाटणारे टपालवाले आणि मेजावर बसणारे टपाल कारकून यांच्या तुलनेतही असाच कल दिसला.

कोणीही चोखंदळ वाचक येथे एक शंका घेईल. जे मुळातच स्थूल होते, त्यांनीच चालकाचे काम पत्करले नसेल कशावरून? मॉरिस यांनाही हा प्रश्न पडला. कर्मचाऱ्यांना गणवेश मिळत असल्याने त्यांच्या विजारींच्या कंबरेच्या मापांची नोंद उपलब्ध होती. ती तपासता चालकांची कंबर खरोखरच मोठी असल्याचे आढळले. तथापि पुढील अभ्यासात असेही दिसले की सडपातळ असो वा जाडजूड, वाहकाला आकस्मिक हृदयमृत्यूचा धोका त्याच अंगकाठीच्या चालकापेक्षा कमीच होता. म्हणजे अंगकाठीने फरकाचा काही भाग समजत होता, सगळा नव्हे. उरलेला वाटा हालचालीचा होता.

व्यायामाचा अभाव आणि अखंड बसणे

या दोन गोष्टी एकच वाटतात, पण शास्त्र त्यांचा वेगवेगळा विचार करते. जागेपणी बसून, रेलून किंवा लवंडून घालवलेला, अत्यल्प ऊर्जा खर्च करणारा काळ म्हणजे बैठा काळ. स्वस्थ बसलेले शरीर जेवढी ऊर्जा वापरते तिला एक एकक मानले, तर बैठ्या काळात हा खर्च दीड एककापलीकडे जात नाही. सावकाश चालतानाही तो दोन ते तीन एककांवर पोहोचतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत एक एकक म्हणजे तासाला साधारण ७० किलोकॅलरी.

आता एक नमुन्याचा दिवस मांडून पाहू. सात तास झोप, उरलेले सतरा तास जागेपण. सकाळी ४५ मिनिटांचा नियमित फेरफटका. त्यानंतर कार्यालयात नऊ तास, मोटारीने जाण्यायेण्यात दोन तास, जेवणखाण एक तास, रात्री दूरचित्रवाणी आणि मोबाइल दोन तास. बसण्याची बेरीज चौदा तास होते. फेरफटका हा जागेपणाचा जेमतेम तेविसावा हिस्सा ठरतो. हा मनुष्य व्यायाम करणारा आहे, यात शंका नाही, पण त्याचा दिवस बैठाच आहे. 'मी रोज फिरायला जातो, मग मला साखर कशी झाली?' असे विचारणाऱ्यांनी ही बेरीज एकदा स्वतःपुरती करून पाहावी. साखरेला आनुवंशिकता, आहार, झोप अशी इतर कारणेही असतात, हे खरे. परंतु या बेरजेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

शरीरात काय घडते?

मांड्या, नितंब आणि पोटऱ्या येथे शरीरातील सर्वांत मोठे स्नायू असतात. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. इन्शुलिन त्यांना साखर आत घेण्याचा इशारा देते. पण स्नायू आकुंचन पावला की साखर आत घेणारी दारे इन्शुलिनच्या इशाऱ्यावाचूनही उघडतात. साध्या चालण्याने हे काम होते. आपण जेवून तासन्‌तास बसून राहिलो, तर ही दुसरी वाट बंद राहते आणि सारा भार इन्शुलिनवर पडतो. दिवसामागून दिवस असे घडत गेले की स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन स्रवावे लागते आणि मधुमेहाची वाट तयार होते.

स्निग्ध पदार्थांचेही तसेच. रक्तातील ट्रायग्लिसराइड्स विघटित करून स्नायूंना पुरवणारे लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले, की पायांच्या स्नायूंवर भार पडणे थांबताच त्या स्नायूंतील या विकराची क्रियाशीलता झपाट्याने घटते. परिणामी स्निग्धांश रक्तात रेंगाळतात.

तिसरा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक शिरांना दाबून रक्त वर ढकलतात, म्हणून पोटरीला 'दुसरे हृदय' असेही म्हटले जाते. बसल्यावर हा पंप थांबतो, रक्त खाली साचते, धमन्यांतील प्रवाह मंदावतो आणि त्यांच्या अस्तराची लवचिकता कमी होते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी तरुणांना सलग तीन तास बसवून मांडीतील धमनीची प्रसरणक्षमता मोजली. ती पहिल्या तासातच लक्षणीय उतरली. त्याच तरुणांना दर तासाला पाच मिनिटे संथ गतीने चालवले, तेव्हा ती टिकून राहिली.

चौथी बाब भुकेची. 'काम कमी केले तर भूकही कमी लागेल' हा आपला स्वाभाविक समज. डॉ. जीन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतील दोनशेहून अधिक पुरुषांचा आहार आणि श्रम यांचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत श्रम वाढत गेले, तसा आहारही वाढत गेला आणि वजन आटोक्यात राहिले. परंतु दुकानांत बसणारे आणि कारकून यांचा आहार कष्टाची कामे करणाऱ्यांच्या बरोबरीचा होता, आणि त्यांची वजने अधिक होती. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा काटा विश्वासार्ह राहत नाही, असा त्याचा अर्थ. खुर्चीवरच्या माणसाला 'दोन घास जास्त' वाढताना हे ध्यानात ठेवायला हवे.

आपल्या अंगकाठीची विशेष जोखीम

'आमचा मुलगा कुठे जाड आहे?' या दिलाशात अर्धेच सत्य असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेचा दीर्घकाळ अभ्यास करून हे दाखवले आहे, की वरवर कृश दिसणाऱ्या भारतीय शरीरात मेदाचे प्रमाण बरेच असू शकते. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच छायाचित्राद्वारे हा मुद्दा मांडला. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३ म्हणजे अगदी समान. पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के!

म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकेच महत्त्व कंबरेच्या घेराला आहे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची मर्यादा मानली जाते. माप घेताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत ओढू नये.

हृदयविकारही आपल्याला लवकर गाठतो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या विस्तृत अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे मध्य वय ५३ वर्षे होते, तर इतर देशांतील रुग्णांचे सुमारे ५९. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. हालचालीविषयी २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेला अंदाजही विचार करायला लावणारा आहे. भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे.

स्त्रियांच्या या आकड्याचा अर्थ आळस असा लावणे अन्यायाचे होईल. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि घरातील आजारपण यांत स्वतःच्या शरीरासाठी अर्धा तास काढणे हेच अनेकींना अशक्य होऊन बसते.

सकाळचे फिरणे व्यर्थ आहे काय?

मुळीच नाही. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने १० लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध केले. रोज आठ तासांहून अधिक बसणाऱ्या, परंतु ६० ते ७५ मिनिटे मध्यम गतीची हालचाल करणाऱ्या व्यक्तींमध्ये बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. दूरचित्रवाणीपुढे रोज पाच तासांहून अधिक बसणाऱ्यांत मात्र एवढ्या हालचालीनेही धोका पूर्णपणे गेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. बसण्याचा काळ कमी करावा, असे संघटना आवर्जून सांगते, पण 'इतक्या तासांपलीकडे धोका' अशी एकच रेषा तिने आखलेली नाही, कारण तेवढा निश्चित पुरावा अद्याप हाती आलेला नाही. मोठ्या पाहण्यांमध्ये एक अडचण अशीही असते, की जी व्यक्ती आधीच आजारी आहे ती साहजिकच अधिक बसते. त्यामुळे बसल्याने आजार झाला की आजाराने बसणे आले, हे वेगळे करणे कठीण जाते. छोट्या प्रयोगांचे महत्त्व येथेच आहे.

उठण्याचे प्रयोग आणि आपली शतपावली

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने मध्यम वयाच्या १९ स्थूल व्यक्तींवर केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर आणि स्निग्धांश असलेले पेय दिल्यानंतर एका दिवशी त्यांना सलग पाच तास बसवले, तर दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालवले. चालण्याच्या दिवशी रक्तशर्करेची वाढ सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली, तीही अगदी संथ चालीने.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. कीथ डियाझ यांच्या गटाने वेगवेगळे क्रम पडताळून पाहिले. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालल्याने रक्तशर्करा आणि रक्तदाब दोन्ही उतरले. मोठ्या जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी झाली. दर अर्ध्या तासाने किंवा तासाने केवळ एक मिनिट चालण्याने साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, पण वरचा रक्तदाब मात्र चार-पाच अंकांनी घटला. यात केवळ ११ व्यक्ती सहभागी होत्या, त्यामुळे हे आकडे कोरीव नियम म्हणून घेऊ नयेत. दिशा मात्र सर्वत्र एकच दिसते. खंड पडलेले बसणे हे अखंड बसण्यापेक्षा बरे.

आमच्या ज्येष्ठ वाचकांना अधिक जवळचा वाटेल असा प्रयोग २०१३ मधील आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी साठी ओलांडलेल्या, मधुमेहाचा धोका असलेल्या दहा व्यक्तींमध्ये ४५ मिनिटांच्या एका सलग फेरफटक्याची तुलना तिन्ही जेवणांनंतरच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या चालण्याशी केली. चोवीस तासांची साखर दोन्ही प्रकारे सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरच्या तीन तासांत मात्र जेवणापाठोपाठचे चालणे सरस ठरले. आपल्याकडील शतपावलीची चाल यापेक्षा निराळी ती काय? फक्त शंभर पावले दीड मिनिटात संपतात. ती पंधरा मिनिटांपर्यंत लांबवली तर जुन्या सवयीला पुराव्याचे बळ मिळते. दुपारच्या वामकुक्षीवरही आक्षेप घेण्याचे कारण नाही. आधी घरातल्या घरात थोड्या येरझारा घालाव्यात आणि मग आडवे व्हावे.

कामाच्या दिवसात हे कसे बसवावे?

'दर अर्ध्या तासाने उठा' हे सांगणे सोपे आहे. बँकेच्या खिडकीपाशी रांग लागलेली असते, दूरध्वनी केंद्रात मिनिटांचा हिशेब ठेवला जातो, एसटीचा चालक घाटात गाडी थांबवू शकत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या कामाच्या चौकटीतल्या फटी शोधायला हव्यात.

संगणकावर काम करणाऱ्यांनी भ्रमणध्वनीवरील बोलणी उभ्याने किंवा चालत करावीत. पाण्याची मोठी बाटली मेजावर न ठेवता लहान पेला ठेवावा, म्हणजे भरायला उठावे लागते. लघुशंकेसाठी एक मजला वरचे किंवा खालचे प्रसाधनगृह वापरावे. शेजारच्या कक्षातील सहकाऱ्याला संदेश पाठवण्याऐवजी प्रत्यक्ष जाऊन भेटावे. डबा खाऊन लगेच खुर्चीत न परतता दहा मिनिटे आवारात फिरावे.

रिक्षाचालक, टॅक्सीचालक आणि एसटीचे चालक यांनी प्रत्येक थांब्यावर, गाडीत गॅस किंवा इंधन भरताना, गिऱ्हाइकाची वाट पाहताना खाली उतरून गाडीभोवती चार फेऱ्या माराव्यात. शिवणकाम करणाऱ्यांनी प्रत्येक कपडा पूर्ण झाला की उठावे. ज्यांना उठणे अगदीच शक्य नसते, त्यांनी बसल्या जागी टाचा वर-खाली करणे आणि गुडघे सरळ ताणणे एवढे तरी करावे. चालण्याची सर त्याला नाही, पण पोटऱ्यांचा पंप त्याने थोडा तरी चालतो.

उभ्याने काम करण्याची उंच मेजे आता मिळतात. मात्र तासन्‌तास एकाच जागी उभे राहिल्याने पाय सुजतात आणि शिरा फुगण्याचा त्रास बळावतो. शरीराला हवा असतो तो स्थितीतील बदल आणि हालचाल.

घरातील ज्येष्ठ काय करू शकतात?

घरून काम करणाऱ्या मुलाच्या मेजावर आई वेळच्या वेळी चहा, न्याहारी, पाणी, चिरलेली फळे नेऊन ठेवते. त्यात माया असते, परंतु त्याच मायेने मुलाचे उठण्याचे चार प्रसंगही हिरावले जातात. 'चहा झालाय, आत ये' अशी हाक द्यावी. चहा जेवणाच्या मेजावर किंवा गॅलरीत द्यावा. कामात गढलेल्या मुलाला 'ऊठ, ऊठ' असा धोशा लावला तर तो वैतागेल. 'जरा कोपऱ्यावरून कोथिंबीर आणतोस का?' ही विनंती अधिक उपयोगी पडेल.

रात्रीची शतपावली आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे यांनी मिळून करावी. दिवसभरात न झालेले बोलणे त्या पंधरा मिनिटांत होते, आणि मालिकांची सलग बैठक मोडते. सुनेला किंवा लेकीला रोज अर्धा तास मोकळा मिळावा म्हणून नातवंडांचा अभ्यास किंवा भाजी निवडणे ज्येष्ठांनी अंगावर घेतले, तर तिच्या हृदयासाठी ते मोलाचे साहाय्य ठरते.

ज्येष्ठांनी स्वतःच्या बसण्याकडेही पाहावे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी श्रमक्षमता घटली, त्याहून अधिक ती तेव्हाच्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने घटली होती, असे आढळले. विशीच्या शरीराची ही गत, तर सत्तरीत 'आराम करा' या सल्ल्याचा अतिरेक किती महाग पडत असेल!

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आजारी माणसाच्या उशाशी बसणे हेही बसणेच असते, शिवाय त्याला जागरण, अवेळी खाणे आणि मनाचा ताण यांची जोड असते. रुग्ण झोपला असता खोलीबाहेर पाच मिनिटे फिरून यावे. दिवसातून एकदा कोणाला तरी बसवून अर्धा तास घराबाहेर पडावे, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. रुग्णाला डॉक्टरांनी अनुमती दिली असेल, तर त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून दारापर्यंत असे थोडे थोडे चालवावे. त्यात दोघांचीही हालचाल होते.

तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी कार्यक्रमांतर्गत आरोग्य केंद्रांत केली जाते. वृद्धांना तपासणीला नेणाऱ्याने त्याच खेपेत स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंक ५.७ ते ६.४ यांच्या दरम्यान असेल, तर तो मधुमेहाचा उंबरठा समजावा. येथून मागे फिरता येते.

सावधगिरीच्या गोष्टी

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालणे वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि फिरताना साखर किंवा ग्लुकोज जवळ बाळगावे. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास अनवाणी चालू नये. ज्येष्ठांनी झटकन उठू नये. आधी काठाशी बसावे, दोनचार वेळा पावले हलवावीत आणि आधार घेऊन उभे राहावे, म्हणजे रक्तदाब एकदम उतरून भोवळ येण्याचा धोका टळतो. हृदयविकार किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी किती चालावे, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

दीर्घ प्रवासानंतर किंवा आजारपणानंतर एकाच पायाला सूज आणि वेदना आली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. अशा वेळी पाय चोळत बसू नये, त्वरित डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपण, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे सरकणारी वेदना, दरदरून घाम, श्रमाविना धाप यांपैकी काही जाणवले, तर 'गॅस असेल' म्हणून वाट पाहू नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

सुरुवातीसाठी तीनच गोष्टी पुरेत. येत्या आठवड्यात घरातील प्रत्येकाने आपल्या बसण्याच्या तासांची एकदा प्रामाणिक बेरीज करावी. घरातील सर्व प्रौढांच्या कंबरेचे माप घेऊन तारखेसह कागदावर लिहून ठेवावे. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून चालावे. तीन महिन्यांनी तोच कागद काढून पुन्हा माप घ्यावे आणि डॉक्टरांकडे जाताना तो सोबत न्यावा.